पडदा बदलताना : पायथन मोबाइल उपयोजनातील संक्रमण आणि माहितीची विश्वासार्हता

शासकीय सेवा नागरिकांच्या हातातील मोबाइल संचापर्यंत पोहोचविण्याचे काम भारतात टप्प्याटप्प्याने झाले आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये मोबाइल प्रशासनाची चौकट जाहीर केली. १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. डिसेंबर २०१६ मध्ये ‘भीम’ हे पैशांच्या देवघेवीचे, तर नोव्हेंबर २०१७ मध्ये अनेक शासकीय सेवा एकत्र आणणारे ‘उमंग’ हे उपयोजन, म्हणजेच ॲप, उपलब्ध झाले. महिला व बालविकास मंत्रालयाने २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ सुरू केल्यानंतर अंगणवाडी सेविकांच्या दैनंदिन नोंदींचा मोठा भाग नोंदवहीतून मोबाइलवर आला.

या स्थित्यंतरात एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. कागदी नोंदवहीचे पान एकाच वेळी संपूर्ण दिसते. कोणत्या ओळीत कोणाचे नाव आहे आणि त्यापुढे कोणता आकडा लिहिला आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. मोबाइलच्या लहान पृष्ठभागावर हे शक्य नसते. त्यामुळे एकच काम अनेक पडद्यांत विभागावे लागते. एका पडद्यावर नाव निवडायचे, दुसऱ्यावर माहिती भरायची, तिसऱ्यावर ती तपासायची आणि चौथ्यावर पोच पाहायची, असा हा क्रम असतो. प्रत्येक वेळी पडदा बदलतो तेव्हा आधीचे पान वापरणाऱ्याच्या डोळ्यांआड जाते. डोळ्यांआड गेलेली माहिती सुरक्षित राहिली का, ती योग्य व्यक्तीच्याच नावे राहिली का, हे त्या व्यक्तीला दिसत नाही. ते आज्ञावली लिहिणाऱ्याच्या विचारावर अवलंबून असते. म्हणूनच पडद्यांमधील संक्रमण हा केवळ सजावटीचा विषय नसून माहितीच्या विश्वासार्हतेचा विषय आहे. पायथन या भाषेत आणि ‘किवी’ या मुक्त स्रोत संचाच्या साहाय्याने हे संक्रमण कसे घडते व त्यात कोणती दक्षता आवश्यक असते, याचा विचार येथे केला आहे.

पायथन आणि मोबाइल

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील संगणकतज्ज्ञ गिदो व्हॅन रॉसम यांनी निर्माण केली आणि १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. सुबोध वाक्यरचना आणि विपुल तयार साधने यांमुळे ती शिक्षण व संशोधनात लोकप्रिय झाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी व बारावीच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातही तिचा समावेश आहे.

मोबाइल हे मात्र पायथनचे मूळ क्षेत्र नव्हे. अँड्रॉइडवरील उपयोजने प्रामुख्याने जावा व कोटलिन या भाषांत, तर आयफोनवरील उपयोजने ऑब्जेक्टिव्ह-सी व स्विफ्ट या भाषांत लिहिली जातात. पायथनमध्ये लिहिलेली आज्ञावली मोबाइलवर चालवायची तर पायथनचा अर्थवाचकही उपयोजनाबरोबर बांधून द्यावा लागतो. अँड्रॉइडसाठी हे काम ‘पायथन-फॉर-अँड्रॉइड’ व ‘बिल्डोझर’ ही साधने, तर आयफोनसाठी ‘किवी-आयओएस’ हे साधन करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथनच्या ३.१३ या आवृत्तीपासून या दोन्ही मोबाइल प्रणालींना भाषेच्या अधिकृत पाठबळाच्या यादीत प्राथमिक स्तरावर स्थान मिळाले आहे.

पायथनमध्ये मोबाइलचे दृश्य स्वरूप तयार करण्यासाठी उपलब्ध असलेल्या संचांपैकी ‘किवी’ हा प्रमुख होय. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०११ मध्ये आली. त्याचे वैशिष्ट्य असे की, बटण, लेखनचौकट, यादी इत्यादी घटक तो मोबाइल प्रणालीकडून उसने घेत नाही. आलेखन यंत्रणेच्या साहाय्याने स्वतःच चितारतो. त्यामुळे एकच आज्ञावली संगणकावर व वेगवेगळ्या मोबाइल संचांवर सारखीच दिसते. या स्वावलंबनाचे काही तोटेही आहेत. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

पडदा आणि पडद्यांचा व्यवस्थापक

किवीमध्ये पडदाबदलाची रचना दोन घटकांवर उभी आहे. पहिला घटक ‘स्क्रीन’ म्हणजे पडदा. दुसरा ‘स्क्रीनमॅनेजर’ म्हणजे पडद्यांचा व्यवस्थापक. प्रत्येक पडद्यावर बटणे, चौकटी, चित्रे असे घटक मांडलेले असतात आणि त्या पडद्याला एक स्वतंत्र नाव दिलेले असते. व्यवस्थापकाकडे या सर्व पडद्यांची यादी असते. संक्रमणाचा काळ वगळता कोणत्याही क्षणी त्यांपैकी एकच पडदा दृश्यमान असतो.

व्यवस्थापकाचा ‘करंट’ नावाचा एक गुणधर्म आहे. सध्या कोणता पडदा दिसत आहे त्याचे नाव या गुणधर्मात असते. पडदा बदलायचा म्हणजे या गुणधर्माला नवे नाव द्यायचे, एवढीच कृती करावी लागते. व्यवस्थापकात प्रथम समाविष्ट केलेला पडदा आपोआप प्रारंभीचा पडदा ठरतो. यादीत नसलेले नाव दिल्यास आज्ञावली त्रुटी दर्शविते. प्रत्येक पडद्याला आपल्या व्यवस्थापकाचा संदर्भ उपलब्ध असल्यामुळे एखाद्या पडद्यावरील बटण दाबताच तेथूनच दुसऱ्या पडद्याकडे जाण्याची सूचना देता येते.

एक पडदा जाऊन दुसरा येतो त्या वेळच्या दृश्य परिणामाला संक्रमण म्हणतात. किवीमध्ये संक्रमणाचे अनेक प्रकार आहेत. पडदा बाजूला सरकणे हा मूळ प्रकार असून, विरत जाणे, पुसला जाणे, पत्त्यासारखा वर येणे, तसेच कोणताही परिणाम न करता तत्काळ बदलणे हे अन्य प्रकार होत. विशेष सूचना न दिल्यास संक्रमणाला ०.४ सेकंद लागतात. या अवधीत व्यवस्थापक पडद्यावरील नवे स्पर्श स्वीकारत नाही.

पडदा सरकण्याची दिशा ठरविता येते आणि हा बारकावा उपयुक्त आहे. पुढील टप्प्यावर जाताना पडदा एका दिशेने आणि मागे येताना विरुद्ध दिशेने सरकला, तर आपण कामात पुढे जात आहोत की मागे, हे वापरणाऱ्याला शब्दांवाचून समजते. दोन्ही वेळी एकच दिशा ठेवल्यास हा आधार नाहीसा होतो. संक्रमणाची शोभा एवढ्यापुरतीच महत्त्वाची आहे. खरा प्रश्न कोणत्या पडद्यावरून कोठे जाऊ द्यायचे हा आहे.

अवस्था आणि वाटा

या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्रातील ‘मर्यादित अवस्था यंत्र’ या संकल्पनेत सापडते. जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये व एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये या विषयावर केलेली मांडणी आजही अभ्यासली जाते. एखादी यंत्रणा कोणत्याही क्षणी ठरावीक अवस्थांपैकी एका अवस्थेत असते आणि ठरावीक घटना घडल्यावरच ती दुसऱ्या अवस्थेत जाते, हे या संकल्पनेचे सार होय. पडद्यांचा व्यवस्थापक हे तिचे सोपे उदाहरण आहे. पडदा ही अवस्था, बटण दाबणे ही घटना आणि पडदाबदल हे संक्रमण.

स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक उपयोजन विचारात घेता येईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांत बालकांच्या वजनाची नियमित नोंद होते. ही नोंद करणाऱ्या उपयोजनात पाच पडदे आहेत असे समजू : प्रवेश, बालकांची यादी, नोंद, पडताळणी आणि पोच.

पाच पडद्यांपैकी प्रत्येकावरून उरलेल्या चारांकडे जाता येते असे मानल्यास एकूण वीस वाटा संभवतात. प्रत्यक्षात त्यांपैकी आठच आवश्यक आहेत. प्रवेशानंतर यादीकडे जायचे आणि काम संपल्यावर यादीवरून प्रवेशाकडे परतायचे, या दोन वाटा. यादीतील नाव निवडून नोंदीकडे जायचे आणि नोंद न करता यादीकडे परतायचे, या आणखी दोन. नोंदीवरून पडताळणीकडे जायचे व चूक आढळल्यास पुन्हा नोंदीकडे यायचे, या पुढच्या दोन. पडताळणीनंतर पोच आणि पोच मिळाल्यावर यादी, या शेवटच्या दोन.

उरलेल्या बारा वाटा मुद्दाम बंद ठेवाव्या लागतात आणि त्यामागे निश्चित कारणे आहेत. नोंदीवरून थेट पोच पडद्याकडे जाता आले, तर न तपासलेला आकडा नोंदला जाईल. पोच मिळाल्यानंतर पुन्हा पडताळणीकडे जाता आले, तर तीच नोंद दुसऱ्यांदा पाठविली जाण्याचा धोका निर्माण होईल. प्रवेशावरून थेट नोंदीकडे जाता आले, तर नोंद कोणत्या बालकाची हेच निश्चित होणार नाही. उपयोजन लिहिण्यापूर्वी कागदावर पडद्यांची वर्तुळे व त्यांना जोडणारे बाण काढण्याची पद्धत यासाठीच उपयुक्त ठरते. जो बाण आकृतीत नाही, त्याचे बटणही उपयोजनात नसावे.

पडदा राहतो, तशी माहितीही राहते

किवीच्या रचनेतील एक बाब नवशिक्या आज्ञावलीकारांना अनेकदा फसविते. दृष्टीआड झालेला पडदा नष्ट होत नाही. तो व्यवस्थापकाच्या यादीत जसाच्या तसा राहतो आणि त्यावरील चौकटींत भरलेला मजकूरही तसाच राहतो. यामुळे पडदा पुन्हा तत्परतेने दाखविता येतो. परंतु याच सोयीतून गंभीर चूक उद्भवू शकते.

वरील उदाहरणात सेविकेने पहिल्या बालकाचे ९.२ किलोग्रॅम वजन नोंदविले, पोच मिळविली आणि यादीवरून दुसऱ्या बालकाचे नाव निवडले. नोंदीचा पडदा तोच आहे. वरचे नाव बदलण्याची व्यवस्था केली, पण वजनाची चौकट रिकामी करण्याची सूचना राहून गेली, तर दुसऱ्या बालकाच्या नावाखाली ९.२ हा आकडा आधीच भरलेला दिसेल. घाईत ‘पुढे’ हे बटण दाबले गेल्यास एका बालकाचे वजन दुसऱ्याच्या नावे नोंदले जाईल. आकडा संभाव्य मर्यादेत असल्यामुळे कोणतीही स्वयंचलित तपासणी त्याला हरकत घेणार नाही. वजन घटत चाललेले बालक कागदोपत्री सुदृढ ठरेल आणि त्याला पूरक आहाराची किंवा वैद्यकीय तपासणीची असलेली गरज उघड होणार नाही. त्रुटी आज्ञावलीतील एका ओळीची असली, तरी तिचा परिणाम बालकाच्या आरोग्यावर होतो.

यावर उपाय म्हणून किवीने प्रत्येक पडद्यासाठी चार घटनांची सोय केली आहे. संक्रमण सुरू होण्यापूर्वी येणाऱ्या पडद्याला ‘ऑन प्री एंटर’ आणि जाणाऱ्या पडद्याला ‘ऑन प्री लीव्ह’ ही सूचना मिळते. संक्रमण पूर्ण झाल्यावर त्यांना अनुक्रमे ‘ऑन एंटर’ आणि ‘ऑन लीव्ह’ या सूचना मिळतात. नोंदीच्या पडद्यावरील सर्व चौकटी निवडलेल्या बालकाच्या माहितीनुसार नव्याने भरण्याचे काम ‘ऑन प्री एंटर’ या सूचनेच्या वेळी केल्यास जुना आकडा क्षणभरही दिसत नाही. हेच काम ‘ऑन एंटर’ पर्यंत लांबविल्यास पडदा सरकत येत असताना जुनी माहिती दिसते आणि नंतर ती बदलते. वापरणाऱ्याचा विश्वास डळमळीत करण्यास एवढेही पुरेसे असते.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ‘ऑन प्री लीव्ह’ ही केवळ सूचना आहे; तिच्या आधारे पडदाबदल रोखता येत नाही. म्हणून वजनाची चौकट रिकामी आहे का, ९.२ ऐवजी ९२ लिहिले गेले आहे का, ही तपासणी पडदा बदलण्याची आज्ञा देण्यापूर्वीच व्हायला हवी. तपासणी यशस्वी झाली तरच ‘करंट’ या गुणधर्माला नवे नाव द्यावे, हा क्रम पाळावा लागतो.

या सर्वांमागील तत्त्व असे सांगता येईल : पडद्याने माहिती दाखवावी, तिची मालकी स्वतःकडे ठेवू नये. बालकांच्या नोंदी पडद्यांपासून अलग, एका स्वतंत्र भांडारात असाव्यात. यादीच्या पडद्याने निवडलेल्या बालकाचा केवळ ओळखक्रमांक पुढे द्यावा आणि नोंदीच्या पडद्याने त्या क्रमांकावरून भांडारातील माहिती वाचावी. पडताळणीच्या पडद्यानेही चौकटीतील मजकुराऐवजी भांडारातील आकडाच दाखवावा. कारण पाठविली जाणार आहे ती भांडारातील नोंद. किवीतील गुणधर्म मूल्य बदलताच त्यावर अवलंबून असलेल्या घटकांना आपोआप कळवितात. त्यामुळे भांडार आणि पडदा यांच्यात एकवाक्यता राखणे सुलभ होते. माहिती आणि तिचे सादरीकरण यांची ही फारकत हे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील एक मूलभूत सूत्र होय.

मागे जाण्याची वाट

अँड्रॉइड संचावर मागे जाण्यासाठी स्वतंत्र बटण किंवा खूण असते. वापरणाऱ्याची अपेक्षा साधी असते : आपण ज्या पडद्यावरून आलो, तेथे परत जावे. किवीमध्ये ही अपेक्षा आपोआप पूर्ण होत नाही. विशेष व्यवस्था न केल्यास मागे जाण्याची खूण उपयोजनच बंद करते. अर्धवट भरलेली नोंद अशा वेळी गमावली जाऊ शकते.

व्यवस्थापकाकडे ‘प्रीव्हियस’ नावाची सोय आहे. परंतु तिच्या नावावरून गैरसमज होण्याचा संभव आहे. ती यादीतील क्रमाने आधीच्या पडद्याचे नाव देते, वापरणाऱ्याने आधी पाहिलेल्या पडद्याचे नव्हे. पहिल्या पडद्यावर असताना ती शेवटच्या पडद्याचे नाव देते. आपल्या उदाहरणात प्रवेशाच्या पडद्यावर या सोयीचा वापर केल्यास थेट पोचेचा पडदा उघडेल आणि काहीही पाठविले नसताना पाठविल्याचा आभास निर्माण होईल.

प्रत्यक्ष प्रवासाचा इतिहास हवा असल्यास तो आज्ञावलीकाराने स्वतः ठेवावा लागतो. त्यासाठी ‘स्टॅक’ अर्थात चळत ही रचना वापरतात. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलले जाते, त्याप्रमाणे शेवटी सोडलेल्या पडद्याचे नाव प्रथम बाहेर काढले जाते. पुढे जाताना सध्याच्या पडद्याचे नाव चळतीवर ठेवायचे आणि मागे येताना वरचे नाव काढून त्या पडद्याकडे जायचे, अशी ही पद्धत आहे. मागे जाण्याची खूण मिळाल्यावर चळत रिकामी नसेल तर पडदा बदलावा आणि खुणेची दखल घेतल्याचे प्रणालीला कळवावे. चळत रिकामी असेल तरच उपयोजन बंद होऊ द्यावे.

काही टप्प्यांवर ही चळत मुद्दाम रिकामी करावी लागते. नोंद पाठविली जाऊन पोच मिळाल्यानंतर नोंद व पडताळणी या पडद्यांकडे परतण्याचे प्रयोजन उरत नाही. तेव्हा चळत पुसून वापरणाऱ्याला यादीकडे नेणे योग्य ठरते. मागे जाण्याचे स्वातंत्र्य आणि पूर्ण झालेला व्यवहार पुन्हा न उघडण्याची शिस्त, या दोहोंचा मेळ येथे घालावा लागतो.

व्यत्यय आणि प्रतीक्षा

मोबाइलवरील काम अखंडितपणे होत नाही. नोंद चालू असताना दूरध्वनी येतो, दुसरे उपयोजन उघडले जाते किंवा संचातील विद्युतघट संपतो. उपयोजन पार्श्वभूमीला जाते तेव्हा किवी ‘ऑन पॉज’ ही सूचना देते. त्यानंतर स्मृतीची टंचाई भासल्यास मोबाइल प्रणाली ते उपयोजन पूर्णपणे बंद करू शकते. ‘ऑन रिझ्यूम’ ही पुन्हा सुरू झाल्याची सूचना मिळेलच याची हमी नसते. म्हणून सध्याच्या पडद्याचे नाव, बालकाचा ओळखक्रमांक आणि अर्धवट नोंद ही माहिती ‘ऑन पॉज’ च्या वेळी संचातच साठवून ठेवणे श्रेयस्कर असते. विद्युतघट संपण्यासारख्या प्रसंगी तेवढीही सूचना मिळत नाही. त्यामुळे महत्त्वाचा आकडा भरताच तो साठविणे अधिक सुरक्षित होय. पायथनबरोबर येणारी ‘एसक्यूलाइट’ ही छोटी माहितीसाठा प्रणाली या कामासाठी पुरेशी आहे.

संपर्कजाळ्याचा प्रश्न याहून जटिल आहे. नोंद दूरच्या संगणकाकडे पाठविताना काही सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. उत्तराची वाट पाहण्याचे काम आज्ञावलीच्या मुख्य प्रवाहातच केल्यास चित्रांकन थांबते आणि पडदा गोठल्यासारखा दिसतो. संच बिघडला असे समजून वापरणारा पुन्हा पुन्हा बटण दाबतो. हे टाळण्यासाठी पाठवणी स्वतंत्र प्रवाहात करावी लागते. मात्र पडद्यावरील बदल मुख्य प्रवाहातूनच व्हायला हवेत. किवीतील ‘यूआरएल रिक्वेस्ट’ ही सोय नेमके हेच काम करते. पाठवणी मागे चालू राहते आणि उत्तर आल्यावर पुढील कृती मुख्य प्रवाहात होते. दरम्यान ‘पाठवा’ हे बटण निष्क्रिय ठेवून ‘नोंद पाठविली जात आहे’ असा स्पष्ट मजकूर दाखविणे इष्ट असते. संक्रमणाच्या ०.४ सेकंदात किवी स्पर्श नाकारते, पण पाठवणीच्या दीर्घ काळात असे संरक्षण आपोआप मिळत नाही.

संपर्क मध्येच तुटल्यास आणखी एक पेच निर्माण होतो. नोंद पोहोचली पण उत्तर परत आले नाही, की नोंदच पोहोचली नाही, हे मोबाइलला कळत नाही. पुन्हा पाठविल्यास दुहेरी नोंदीचा आणि न पाठविल्यास नोंद गहाळ होण्याचा धोका असतो. नोंद तयार होतानाच तिला एकमेव क्रमांक देणे हा यावरील मान्य उपाय आहे. तोच क्रमांक पुन्हा आल्यास दूरचा संगणक ती नवी नोंद मानत नाही आणि केवळ पोच देतो. अशा रचनेत पोचेच्या पडद्यावरील शब्दयोजनाही काटेकोर हवी. ‘नोंद संचात जतन झाली’ आणि ‘नोंद कार्यालयात पोहोचली’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्या स्थितीत दुसरे विधान दाखविणे म्हणजे वापरणाऱ्याची दिशाभूल करणे होय.

भाषा, सुगम्यता आणि गोपनीयता

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा असलेल्या देशात भाषेची निवड हा उपयोजनाचा पहिला पडदा असणे स्वाभाविक आहे. किवीबरोबर येणाऱ्या ‘रोबोटो’ या मूळ अक्षरसंचात देवनागरी अक्षरे नाहीत. त्यामुळे मराठी वा हिंदी मजकुरासाठी ‘नोटो सॅन्स देवनागरी’ यांसारखा अक्षरसंच वेगळा जोडावा लागतो. जोडाक्षरे व वेलांट्या योग्य स्थानी उमटतात की नाही, हे प्रत्यक्ष संचावर तपासून पाहणेही अगत्याचे असते. नावाचे अक्षर चुकीचे उमटले, तर यादीतून योग्य बालक निवडण्याच्या पहिल्याच टप्प्यावर घोटाळा होतो. शिवाय पडद्याचे अंतर्गत नाव आणि त्यावर दिसणारे शीर्षक वेगळे ठेवावे. अन्यथा भाषा बदलताच पडद्यांमधील वाटा तुटतात.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची सुगम्यता हा हक्काचा विषय मानला आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये प्रथम आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२३ मधील तिसऱ्या आवृत्तीत उपयोजनांचाही विचार केला आहे. या निकषावर किवीची मर्यादा स्पष्ट होते. किवी आपले घटक स्वतः चितारत असल्याने दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या मोबाइलमधील सुविधेला ते घटक सहजासहजी ओळखता येत नाहीत. त्यामुळे सर्वसामान्य नागरिकांसाठी व्यापक प्रमाणावर वापरावयाचे उपयोजन तयार करताना साधनाची निवड विचारपूर्वक करावी लागते. शिक्षण, प्रात्यक्षिक नमुने, प्रयोगशाळेतील किंवा मर्यादित क्षेत्रकार्याची उपयोजने यांसाठी किवी सोयीचे आहे. प्रत्येक गरजेला ते पुरेसे पडेल असे नाही. मोबाइल प्रणालीचे मूळ घटक वापरणारा ‘बीवेअर’ हा पायथनमधील दुसरा प्रकल्पही उपलब्ध आहे.

गोपनीयतेचा संबंधही पडदाबदलाशी पोहोचतो. दृष्टीआड झालेल्या पडद्यावरील माहिती संचाच्या स्मृतीत राहते, हे वर पाहिले. एकच संच अनेकांच्या हातात जात असल्यास प्रवेशाच्या पडद्याकडे परतताना आधीच्या व्यक्तीची सर्व माहिती पडद्यांवरून पुसली जाणे आवश्यक ठरते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत विशेष तरतुदी केल्या आहेत. बालकांच्या नोंदी हाताळणाऱ्या उपयोजनात ही दक्षता कायद्याच्या हेतूशीही सुसंगत ठरते.

समारोप

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. पायथन व किवी यांसारखी साधने कोणत्याही विद्यार्थ्याला शुल्काविना उपलब्ध आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील शाळा, ग्रंथालय वा आरोग्य उपकेंद्रासाठी लहान उपयोजने तयार करावीत, यात तांत्रिक अडसर आता फारसा उरलेला नाही. मात्र साधन सुलभ झाले म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

पडदा बदलण्याची आज्ञा एका ओळीची असते. त्या ओळीपूर्वी माहिती तपासली का, ती पडद्याबाहेरच्या भांडारात जतन केली का, येणारा पडदा योग्य व्यक्तीच्या माहितीने भरला का, मागे येण्याची वाट ठरविली का आणि काम अर्धवट राहिल्यास ते पुन्हा हाती लागेल का, या पाच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. नोंदवहीच्या पानावर हे काम सेविकेची नजर करीत असे. पान दृष्टीआड करणाऱ्या यंत्रणेने त्या नजरेची उणीव भरून काढली पाहिजे. डिजिटल सेवेचे यश उपयोजने किती संचांत उतरविली गेली यावरून पूर्णपणे मोजता येत नाही. सेविकेने भरलेला आकडा त्याच बालकाच्या नावे, एकदाच आणि अचूकपणे पोहोचला की नाही, हाही त्याचा एक निकष मानला पाहिजे.